मित्र टिकवायचेत पण संध्याकाळ नाही घालवायची: व्हॉइस मेसेजचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अख्ख्या व्हॉट्सॲपचा नाहीये, त्यातल्या त्या छोट्या माइकच्या बटणाचा आहे. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतंच, त्याचा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे घरातल्या नळाचा रिव्ह्यू लिहिण्यासारखं. पण परदेशात जाऊन नव्याने बस्तान बसवताना जुने मित्र हातातून निसटू नयेत म्हणून जे जे वापरून बघितलं, म्हणजे ठरवून केलेले व्हिडिओ कॉल, ग्रुप, स्टेटस, लांबलचक ईमेल, झालंच तर त्यासाठीच बनवलेली वेगळी ॲप्स, त्या सगळ्यात शेवटी रोजच्या वापरात उरलं ते हे बटण. बाकीचं गळून गेलं नाहीतर कधीमधी कामाला येणारं झालं. का ते सांगते, आणि हे कुठे कमी पडतं तेही सांगते, कारण कमी पडतंच.

मी मोजपट्टी कुठली लावली ते आधी बघा, नाहीतर "अगं पण व्हिडिओ कॉलवर चेहरा तरी दिसतो" असं कोणीतरी म्हणणारच. चेहरा दिसतो, मान्य. पण नवीन देशात गेल्यावर सगळ्यात जास्त टंचाई कशाची असते, तर मोकळ्या संध्याकाळींची. दिवसभर नवीन कामाची पद्धत, कागदपत्रं, घर, बँक, बसचे रूट, त्यात सतत दुसऱ्या भाषेत किंवा दुसऱ्या हेलात बोलून डोकं शिणलेलं, आणि मग जे काही दोन-तीन तास उरतात ते जुन्या मित्रांना द्यायचे की नव्या ओळखींना, हा खरा झगडा आहे. सुरुवातीला सगळा वेळ जुन्यांकडेच जातो, साहजिक आहे, तिथे स्वतःला समजावून सांगावं लागत नाही, अर्ध्या वाक्यात समोरचा हसतो. पण तसंच चालू राहिलं की वर्ष उलटतं आणि राहत्या शहरात ताप आला तर औषध आणून देईल असं एकही माणूस नसतं. म्हणून माझ्या लेखी जुने मित्र टिकवायचं साधन तेच चांगलं जे नवीन मित्रांसाठी जागा सोडतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांचा २०१८ मध्ये आलेला अभ्यास आहे मैत्री व्हायला किती तास लागतात यावर, आणि गंमत म्हणजे त्यांनी त्यासाठी नुकतंच राहायचं ठिकाण बदललेले लोक आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं घेतली होती, म्हणजे आपल्यासारखीच गिऱ्हाइकं. त्यांचा अंदाज असा की नुसत्या ओळखीतून जरा बऱ्या दोस्तीपर्यंत यायला साधारण ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे धरायचे नाहीत, एकत्र टाइमपास केलेले तास धरायचे. आता हे २०० तास कुठून काढणार? संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस, दुसरं आहे काय आपल्याकडे. त्याच वेळात तुम्ही रोज दीड तास फोनवर जुन्या गप्पा मारत असाल तर हिशोब कसा जुळणार.

त्यामुळे पहिला गेला तो व्हिडिओ कॉल. म्हणजे पूर्ण नाही गेला, पण रोजच्या जेवणातून सणासुदीच्या ताटात गेला म्हणा. व्हिडिओ कॉलला दोन्हीकडे एकाच वेळी माणूस मोकळा लागतो, एकाच वेळी नेट बरं लागतं, एकाच वेळी मूड लागतो, आणि वेळेचा फरक मोठा असला की हे तिन्ही जुळायची वेळ म्हणजे एकाची झोप नाहीतर दुसऱ्याचं ऑफिस. त्यात घड्याळं पुढेमागे करणारे देश आहेत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, मग परत मागे आणताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे मधले काही आठवडे नेहमीचा फरक बदललेला असतो आणि कोणीतरी एक जण रिकाम्या कॉलवर तासभर आधी येऊन बसतो. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांत हेच उलट्या दिशेने होतं, आणि बाकीच्या राज्यांत होतच नाही. ज्यांचे मित्र तीन खंडांत पसरलेत त्यांनी फोनच्या घड्याळात सगळ्यांची शहरं टाकून ठेवा, एवढाच उपाय आहे, तोंडी हिशोब करायला जाऊ नका.

ग्रुप व्हिडिओ कॉलबद्दल तर माझं मत आणखी वाईट आहे. झूमची मूळ गोष्ट खरं तर फार गोड आहे. एरिक युआन चीनमध्ये कॉलेजात असताना मैत्रिणीला भेटायला रेल्वेने दहा-दहा तास जायचे आणि तेव्हापासून डोक्यात होतं की असं काहीतरी हवं ज्यात प्रवास न करता भेटता येईल, मग २०११ मध्ये त्यांनी कंपनी काढली. पण दोघांनी भेटणं वेगळं आणि सात जणांनी चौकोनात बसणं वेगळं. रॉबिन डनबार, माणूस साधारण १५० जणांशीच नातं टिकवू शकतो असं म्हणणारे संशोधक, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात गप्पांच्या घोळक्यांचं निरीक्षण केलं होतं, त्यात दिसलं की एका गप्पेत चारेक माणसंच नीट मावतात, पाचवा आला की घोळका फुटून दोन गप्पा सुरू होतात. प्रत्यक्ष भेटीत हे आपोआप होतं, दोघं कोपऱ्यात, तिघं गॅलरीत. स्क्रीनवर घोळका फुटूच शकत नाही! एक बोलतो आणि बाकीचे सहा माना डोलावतात, मग प्रत्येकजण आळीपाळीने "माझं काय, चाललंय" असा अहवाल देतो, आणि ज्याचं सगळं छान चाललंय तोच जास्त बोलतो. ज्याचं नीट चाललेलं नाही तो सगळ्यांसमोर कशाला सांगेल.

शिवाय स्वतःचं तोंड सतत समोर. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलवर माणूस का दमतो याची चार कारणं मांडली होती, एकतर खूप जवळून सतत नजरेला नजर, दुसरं आरशासारखं स्वतःला बघत राहणं, तिसरं एका जागी खिळून बसणं, चौथं हावभाव मुद्दाम मोठे करून दाखवायला लागणं. स्वतःचा चौकोन लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती करा, फरक पडतो. एक गोष्ट मात्र झूमच्या बाजूने बोलते, लोक शिव्या घालतात तीच, फुकटातल्या मीटिंगची ४० मिनिटांची मर्यादा. मला ती आवडते. कॉल तुटला की कोणालाच "चला मग ठेवते" म्हणावं लागत नाही, आणि आपल्या लोकांचं "चला मग ठेवते" किती लांबतं हे सगळ्यांना माहितीये. गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर फुकटात ६० मिनिटं मिळतात, दोघांना तर दिवसभर बोला. निवड तुमची.

आता माइकच्या बटणाकडे येते. व्हॉट्सॲप २००९ मधलं, जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांचं, त्यातले कूम स्वतः सोळाव्या वर्षी आईबरोबर युक्रेनमधून अमेरिकेत आलेले आणि वडील मागेच राहिले होते. व्हॉइस मेसेज आला २०१३ मध्ये, कॉल त्यानंतर २०१५ मध्ये, व्हिडिओ कॉल २०१६ मध्ये. म्हणजे कॉलच्या आधीपासून ही सोय आहे आणि तरी बरेच जण तिला "टाइप करायचा कंटाळा आला की" एवढ्यापुरतीच वापरतात. मला ती वेगळ्याच कामाची वाटते. जुन्या काळी लोक पत्रं लिहायची ना, सावकाश, एका बैठकीत मनात येईल ते, आणि उत्तर यायला वेळ लागणार हे दोघांनाही माहीत असायचं, तसं वापरून बघा.

मी बोलते कधी, तर चालताना. कामावरून घरी येताना, कपडे वाळत घालताना, बसची वाट बघताना. माइक दाबून वर सरकवला की लॉक होतो, मग बटण धरून ठेवावं लागत नाही, आणि मध्येच कोणी आलं तर रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा पुढे सुरू करता येतं, पाठवायच्या आधी एकदा ऐकताही येतं (मी ऐकत नाही, ऐकलं की आपला आवाज सहन होत नाही आणि डिलीट करावंसं वाटतं, तुम्हीही ऐकू नका). तिकडे मैत्रीण तिच्या वेळेला ऐकते, तिचं तिचं काम करता करता. दुसऱ्या चॅटमध्ये गेली तरी वाजत राहतं. दोघींचीही संध्याकाळ खर्च होत नाही, आणि तरी आठवड्याच्या शेवटी तिला माझ्या नवीन बॉसचा स्वभाव, शेजारच्या कुत्र्याचं नाव, आणि मी सध्या कशावर चिडलेय हे सगळं माहीत असतं. ही जी बारीकसारीक माहिती असते ना, तीच मैत्री असते. "मोठी बातमी" तर कोणीही सांगतं, लग्न ठरलं, नोकरी बदलली, ते नातेवाइकांनाही कळतं. कुत्र्याचं नाव फक्त मैत्रिणीला माहीत असतं.

आणि आवाजात काहीतरी आहेच. अमित कुमार आणि निकोलस एपली यांचा २०२१ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींना फोनवर आणि काहींना ईमेलवर. आधी विचारलं तेव्हा लोकांना वाटत होतं की फोन जास्त अवघडलेला होईल. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही, उलट फोनवाल्यांना जास्त जवळीक वाटली. त्यांनी अनोळखी लोकांना टाइप करून, नुसत्या आवाजावर आणि व्हिडिओवर असंही बोलायला लावलं, तर आवाज आला की जवळीक वाढली, चेहरा दिसल्याने त्यात विशेष भर पडली नाही. आता हा अभ्यास थेट बोलण्याचा होता, रेकॉर्ड केलेल्या मेसेजचा नाही, त्यामुळे शंभर टक्के लागू करू नका. पण मला जे जाणवलं त्याच्याशी जुळतं. टाइप केलेल्या "ठीक आहे" मधून काही कळत नाही, आवाजातल्या "ठीक आहे" मधून सगळं कळतं, लपवता येत नाही. मागचे आवाजही येतात, ट्रॅफिक, कुकरची शिट्टी, कोणाचं तरी पोर रडतंय, आणि ते फोटोपेक्षा जास्त पोचतं असं माझं स्पष्ट मत आहे.

काही रीतभात मात्र पाळावी लागते, नाहीतर लोक तुमचा मेसेज बघूनच दचकतात. नुसता सात मिनिटांचा मेसेज टाकू नका, खाली एक ओळ टाइप करा की विषय काय आहे आणि घाई आहे का. घाईचं काही असेल तर ते आवाजात पुरूच नका, टाइप करा. नेहमीच्या माणसांशी एकदाच ठरवून टाका की उत्तर आलं पाहिजे असं काही नाही, आठवड्याने आलं तरी चालेल, आणि मग खरंच चालू द्या. हे ठरवलं नाही तर मग निळ्या माइकवरून भांडणं होतात. हो, निळा माइक. मेसेज ऐकला गेला की माइकचं चिन्ह निळं होतं, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की ब्लू टिक बंद केल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण बंद होत नाही. त्यामुळे "मी बघितलंच नव्हतं" ही थाप इथे चालत नाही, सांभाळून.

दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ मध्ये आली. यावर माझे दोन मित्र कायम वाद घालतात. एक म्हणतो मित्राला दुप्पट वेगाने ऐकणं म्हणजे अपमान, दुसरा म्हणतो तू दोन शब्दांच्या मध्ये एवढा थांबतोस की दुप्पट वेगाने केलं की नॉर्मल माणसासारखा वाटतोस. मी दीडपटवाली. पण कोणी रडवेल्या आवाजात बोलत असेल तर एकपट, हे सांगायची गरज नसावी.

आता दोष. पहिला, शोधता येत नाही. "ती त्या डॉक्टरबद्दल काय म्हणाली होती" हे शोधायला निघालात की वीस मेसेज पुन्हा ऐका. आवाजाचा मजकूर करून दाखवणारी ट्रान्सक्रिप्टची सोय २०२४ च्या शेवटी जाहीर झाली, ते काम फोनवरच होतं, कंपनीकडे आवाज जात नाही, चांगली गोष्ट आहे, पण भाषा निवडक आहेत आणि आपण बोलतो ती अर्धी मराठी अर्धी इंग्लिश खिचडी कोणतं यंत्र नीट पकडणार. महत्त्वाचं काही असेल तर त्या मेसेजला स्टार करून ठेवा. दुसरा दोष, वेळ लावून पाठवायची सोय व्हॉट्सॲपमध्ये मुळात असायला हवी होती. रात्री दोनला एखाद्याचा फोन वाजवायचा नसेल तर आपणच लक्षात ठेवून सकाळी पाठवा. टेलिग्राममध्ये मेसेज शेड्यूल करायची सोय २०१९ पासून आहे. तिसरा, चॅटवर गायब होणारे मेसेज चालू असतील, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसवाले, तर जपून ठेवायचं ते वेळेत जपून ठेवा, तशी सोय आहे, नाहीतर गेलं.

चौथा दोष सगळ्यात मोठा, आणि तो कुठलंही अपडेट दुरुस्त करणार नाही. यात मध्येच बोलता येत नाही. मैत्रीण चुकीच्या समजुतीवर पाच मिनिटं बोलत गेली असेल तर ती पाच मिनिटं तुम्हाला गप्प ऐकावीच लागतात, आणि तोवर तुम्ही इकडे स्वयंपाकघरात एकट्याच ओरडत असता की अगं तसं नव्हतं. म्हणून भांडण, गैरसमज, कोणाच्या घरी कोणी वारलं, नोकरी गेली, तब्येतीचं काही वाईट निघालं, तर व्हॉइस मेसेज नको, सरळ फोन. एखाद्याने दुःखाची बातमी दिली आणि आपण त्यावर रेकॉर्ड केलेलं भाषण पाठवलं तर तो ते कुठे एकटा बसून ऐकेल याचा विचार करा. तिथे दोन्हीकडची शांतताही लागते, ती फोनवरच मिळते.

परदेशी निघालेल्यांसाठी एक जरा कोरडा पण फार कामाचा भाग. व्हॉट्सॲपचं खातं फोन नंबरला बांधलेलं असतं. नवीन देशात नवीन सिम घेतलं तरी ॲपमध्ये जुना नंबर चालू राहतो, काही लगेच बदलावं लागत नाही. पण जुन्या नंबरचं रिचार्ज सोडून दिलं आणि तो बंद पडला तर कंपनी काही काळाने तो दुसऱ्याला देऊ शकते, आणि मधेच फोन बदलला तर ओटीपी त्या जुन्या नंबरवर जाणार जो तुमच्या हातात नाही. तेव्हा दोनातलं एक करा, जुना नंबर नियमाने जिवंत ठेवा, नाहीतर सेटिंगमधलं नंबर बदला हे वापरून नवीन नंबरवर जा, त्यात ग्रुप वगैरे तसेच राहतात आणि कोणाकोणाला कळवायचं तेही निवडता येतं. खातं डिलीट करून पुन्हा नव्याने उघडू नका, ग्रुपमधून बाहेर फेकले जाल. टू-स्टेप पिन लावाच आणि त्याला ईमेल जोडा. लॅपटॉपवर वापरत असाल तर लक्षात ठेवा, मूळ फोनवर १४ दिवस ॲप उघडलं नाही तर जोडलेली डिव्हाइस लॉगआउट होतात, आणि खातं १२० दिवस अजिबात वापरलं नाही तर ते काढून टाकलं जातं. बॅकअप चालू आहे ना हेही बघा, अँड्रॉइडवर तो गूगलच्या खात्यातली जागा खातो, आणि आवाजाच्या फाइली लहान असल्या तरी वर्षभराच्या साठतात.

आणि तुम्ही जाताय कुठे ते बघा. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे, तिथे जाणाऱ्यांनी मित्रांशी आधीच दुसरी काहीतरी सोय ठरवून जावं, पोचल्यावर ठरवू म्हटलं तर ठरवायला तरी कुठे बोलणार. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात पण कॉलवर निर्बंध आहेत, म्हणजे तिथे तर व्हॉइस मेसेज हा आवाज ऐकवायचा सगळ्यात सरळ मार्ग उरतो.

बाकीच्यांचा थोडक्यात निकाल. सिग्नल, उत्तम, मागे ना-नफा संस्था आहे, व्हॉइस मेसेज तसाच चालतो, पण तुमचे मित्र तिथे असतील तर. व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनमागेही (म्हणजे मधल्या कोणाला मेसेज वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूप) २०१६ पासून सिग्नलचंच तंत्र आहे, त्यामुळे मेसेजचा मजकूर दोन्हीकडे बंदिस्त. टेलिग्राम, सोयी भरपूर, सगळ्या डिव्हाइसवर झकास, पण साधे चॅट एंड-टू-एंड बंदिस्त नसतात, त्यासाठी सीक्रेट चॅट वेगळा उघडावा लागतो, खासगी रडगाणं गाण्याआधी हे माहीत असू द्या. मार्को पोलो, म्हणजे व्हॉइस मेसेजच पण व्हिडिओत, आपल्या वेळेला रेकॉर्ड करा त्यांच्या वेळेला बघतील, कल्पना छान, पण पुन्हा चेहरा आला म्हणजे केस विंचरणं आलं, आणि चालता चालता करता येत नाही. ज्यांना लहान भाचरं दाखवायचीत त्यांनी घ्यावं. स्काइप, ज्याच्यावर एका पिढीने परदेशातले दिवस काढले, ते मे २०२५ मध्ये बंदच झालं, तेव्हा कोणी काका-मामा अजून स्काइप आयडी मागत असतील तर हळूच सांगा.

स्टेटस आणि स्टोऱ्या याबद्दल मात्र जरा बोलायचंय. हे साधन मला सरळ सरळ फसवं वाटतं. मित्राची स्टोरी बघितली की डोक्यात टिकमार्क होतो, चला, त्याचं बरं चाललंय, आणि त्यालाही दिसतं की हिने बघितलं, म्हणजे संपर्क आहे. प्रत्यक्षात सहा महिन्यांत दोघांमध्ये एक वाक्य झालेलं नसतं. त्यात परदेशातून टाकलेल्या स्टोऱ्या म्हणजे सगळा बर्फ, डोंगर आणि सूर्यास्त, भाड्याच्या खोलीत रविवारी दुपारी एकटं बसलेलं कोणी टाकत नाही, आणि मग तिकडचे मित्र म्हणतात हिचं काय मजेत आहे, हिला कशाला आपली आठवण. मी स्टोरी बघितली की त्यावर इमोजी न टाकता वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकते, तेवढं केलं तरी पुरतं.

कित्येक महिने, वर्षं बोलणं झालं नसेल अशा माणसाला आता काय तोंडाने मेसेज करू, असं वाटत असेल तर एक वाचलेलं सांगते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की असा अचानक संपर्क साधल्यावर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमी बांधतो, आणि अगदी अनपेक्षित असेल तर समोरच्याला आणखीच जास्त आवडतं. तेव्हा "एवढे दिवस बोलले नाही म्हणून सॉरी" ने सुरुवात करून दोन मिनिटं स्पष्टीकरण देत बसू नका, सरळ "आत्ता एक गोष्ट बघितली आणि तुझी आठवण आली" एवढंच. लांबी अर्धा मिनिट. जास्त केलंत तर त्यालाही तेवढंच मोठं उत्तर द्यायचं ओझं होतं आणि मग तो देत नाही.

सगळ्या मित्रांवर हे चालत नाही, हेही सांगून ठेवते. सॅम रॉबर्ट्स आणि डनबार यांनी शाळा संपवून दुसरीकडे गेलेल्या मुलामुलींचा पाठपुरावा केला होता, त्यात मुलींची मैत्री बोलत राहिल्याने टिकली आणि मुलांची एकत्र काहीतरी केल्याने. मुलगा-मुलगी सोडा, पण असे मित्र असतातच ज्यांच्याशी आपण कधी मनातलं बोललोच नव्हतो, नुसते खेळायचो, फिरायचो, काहीतरी बघायचो. त्यांना व्हॉइस मेसेज पाठवला की दोन दिवसांनी अंगठा येतो. त्यांच्याबरोबर काहीतरी खेळा. लिचेस नावाच्या साइटवर बुद्धिबळाचा पत्रव्यवहारासारखा डाव लावता येतो, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एका चालीला कित्येक दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते, म्हणजे पुन्हा तेच, दोघांनी एकाच वेळी मोकळं असायची गरज नाही. माझा एक मित्र वर्षभरात माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं माझा वजीर मारल्यावर बोलतो.

तर पाचपैकी चार स्टार. एक कापला तो शेड्यूल नसल्याबद्दल आणि शोधता येत नाही त्याबद्दल मिळून. ज्यांचे मित्र तीन-चारच आहेत, वेळेचा फरक मोठा आहे आणि ज्यांना बोलायला आवडतं त्यांनी डोळे झाकून घ्यावं. ज्यांचा फरक तास-दोन तासांचाच आहे त्यांनी सरळ फोन करावा, उगाच रेकॉर्डिंगचा खटाटोप कशाला. आणि ज्यांना स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची मनापासून चीड आहे, माझ्या ओळखीत अशी एक आहे, मी चार मिनिटं बोलते आणि ती उत्तरादाखल मुद्देसूद, परिच्छेद पाडून, स्वल्पविरामासकट टाइप करते, तिच्यावर जबरदस्ती करू नका. आमचं तसंच छान चाललंय.